सूर्यफुलाच्या बांधावर

लक्ष्मीपुरीतील पेढीवर पंचावन्न वर्षे बसलेल्या अण्णांच्या हातून सूर्यफुलाचे तेल किती गेले असेल, याचा हिशेब जुन्या रोजमेळांतून काढता येईल. सूर्यफुलाचे शेत मात्र त्यांनी जवळून कधी पाहिले नव्हते. सोलापूरच्या वाटेवर मोटारीच्या काचेतून एखादा पिवळा पट्टा सरकून जाई, तेवढीच ओळख. बी त्यांनी पाहिले होते. दाताखाली धरून त्याचा आवाज ऐकला होता, ओंजळीत घेऊन वर फुंकर मारली होती. उडून जाते ते पोचट, बसून राहते ते भरलेले. फुंकर मारल्यावर ओंजळीत काय उरते, त्यावर दर ठरे. ज्या फुलातून ते बी निघते त्याकडे पाहण्याची गरज व्यापारात कधी पडली नाही.

गेल्या श्रावणात नातीने जपानहून एक छायाचित्र पाठवले तेव्हा ही गोष्ट प्रथम उघड झाली. नात आणि जावई ओसाकाला राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोघे उत्तरेकडील होक्काइदो बेटावर होकुर्यू नावाच्या लहानशा गावी गेली होती. तिथे उताराच्या जमिनीवर सुमारे 23 हेक्टर क्षेत्रात नुसती सूर्यफुले उभी असतात. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट सरेपर्यंत लांबून लांबून माणसे ती पाहायला येतात. जपानी भाषेत या फुलाला ‘हिमावारी’ म्हणतात, म्हणजे सूर्याबरोबर फिरणारे. नातीने खाली लिहिले होते, ‘अण्णा, पुढच्या वर्षी तुम्ही या. आजीलाही आणा.’

अण्णांनी चातुर्मासात गाव न सोडण्याचा नियम घेतल्याला चाळीस वर्षे झाली होती, आणि जपानी फुलांना आपले पंचांग ठाऊक नव्हते. तेव्हा जाण्याचा प्रश्न तिथेच मिटला. पण रात्री दूरध्वनीवर त्यांनी विचारले, “तेल किती निघते तिथे?”

नात हसली. ती फुले प्रामुख्याने पाहण्यासाठीच असतात, असे तिने सांगितले. “नुसती पाहायला तेवीस हेक्टर?” अण्णांचा विश्वास बसेना. तेव्हा तिने तिथे ऐकलेली हकीकत सांगितली. 1979 साली त्या गावच्या शेतकरी सहकारी संस्थेचा एक माणूस युरोपची शेती पाहायला गेला होता. त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, बेलग्रेडच्या विमानतळाजवळ त्याने सूर्यफुलांची शेते पाहिली आणि तो ती विसरू शकला नाही. त्याच्या सांगण्यावरून गावातील बायकांनी घरटी थोडी थोडी जमीन काढून फूल लावायला सुरुवात केली. उद्देश घरच्या माणसांना घरचे चांगले तेल मिळावे, एवढाच होता. पाहायला येणारे लोक नंतर आले.

“म्हणजे सुरुवात तेलानेच झाली,” अण्णा समाधानाने म्हणाले.

“हो. पण अण्णा, तुम्ही कधी पाहिलेय का असे शेत, आत उभे राहून?”

यावर अण्णांनी विषय बदलला.

वास्तविक हे फूल आपल्याकडचे नव्हेच. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिका. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले ते बागेची शोभा म्हणून. त्याला तेलाचे पीक केले रशियाने. तेथील चर्चच्या मोठ्या उपवासात ज्या स्निग्ध पदार्थांना मनाई होती, त्यांच्या यादीत या नव्या तेलाचे नाव नव्हते, म्हणून लोकांनी ते जवळ केले, असे सांगतात. उपवासाला काय चालते या विचारातून एखादे पीक देशभर पसरावे, हे जैन स्वयंपाकघराला समजायला अवघड नाही. पुढे पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने निवड करीत करीत बियांतील तेलाचे प्रमाण पुष्कळच वाढवले, आणि त्या सोव्हिएत जाती 1969 मध्ये तेलबियांचे पीक म्हणून भारतात आल्या.

कोल्हापूरकरांची जीभ शेंगतेलाची. अण्णांच्या वडिलांच्या काळात दुसरे तेल मागायला आलेले गिऱ्हाईक आजारी आहे की काय, असे लोक विचारीत. सूर्यफूल आले तेही तसेच, डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बोट धरून. पण आले आणि ठरले. 1980 मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने पहिला संकरित वाण दिला, 1986 मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी स्वतंत्र अभियान काढले, आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात देशात वीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सूर्यफूल डोलू लागले. अण्णांनी उद्यमनगरात छोटी तेलगिरणी घातली ती याच भरतीच्या काळात. अण्णांच्या आईला ती गिरणी कधीच मानवली नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीलन येते, हे त्या अधूनमधून जेवताना सांगत. अण्णा मान खाली घालून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवर जात. अखेर गिरणी बंद झाली ती परदेशी तेलामुळे. आयात खुली झाली, बंदरावर उतरलेले तेल घरच्या तेलापेक्षा स्वस्त पडू लागले. त्यातच विषाणूच्या रोगाने कर्नाटक आणि मराठवाड्यातील उभी शेते करपली. आज देशातील सूर्यफूल दोन-तीन लाख हेक्टरांवर आले आहे, आणि पेढीवर चिरंजीव जे डबे विकतात त्यांतील तेल युक्रेन, रशिया, अर्जेंटिना असा प्रवास करून येते. फेब्रुवारी 2022 मध्ये तिकडे युद्ध पेटले त्या आठवड्यात लक्ष्मीपुरीत डब्याचे दर तासातासाला बदलत होते.

एप्रिलच्या अखेरीस जपानात सलग सुट्ट्या येतात. त्या सुट्टीत नात माहेरी आली ती मनात ठरवूनच आली होती. अण्णा जपानला येत नाहीत तर इथले शेत शोधायचे. तिने पेढीवरच्या दिवाणजींना विचारले. दिवाणजी शिरोळकडचे. ते म्हणाले, “आता ऊस सोडून कोण काय लावतंय, ताई? पण आमच्या शिवेला एकानं लावलंय औंदा. ऊस उशिरा तुटला, रान क्षारपड झालंय, ऊस पुन्हा नीट येईना, म्हणून टाकलंय फूल. आत्ता ऐन बहरात हाय.” आणि त्यांनी त्या शेतकऱ्याचे आडनाव सांगितले.

गादीवर बसलेल्या अण्णांनी चष्मा काढला. “जाऊ,” ते म्हणाले. “उद्याच जाऊ.” इतक्या लगेच ते तयार होतील असे घरात कुणालाच वाटले नव्हते. चिरंजीवांनी उन्हाची धास्ती घातली, सूनबाईंनी रक्तदाबाची. अण्णांनी दोघांनाही उत्तर दिले नाही.

ते आडनाव त्यांच्या ध्यानात राहण्याचे कारण होते. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, त्या आडनावाचा एक शेतकरी बैलगाडीचा माल टेंपोत घालून उद्यमनगरात गिरणीवर आला होता. साठ पोती सूर्यफूल. अण्णांनी एका पोत्यात हात घातला, ओंजळ भरली, फुंकर मारली, आणि जवळजवळ अर्धी ओंजळ उडून गेली. दुसरे पोते, तिसरे पोते, सगळीकडे तेच. बाहेरून बी ठणठणीत, काळेभोर, आत काही नाही. अण्णांचा त्या वेळचा निष्कर्ष सरळ होता. उफणून बाजूला काढलेला पोचट माल पुन्हा पोत्यांत मिसळला आहे. त्यांनी तसे बोलून दाखवले. “भेसळ” हा शब्द त्यांनी चार हमाल आणि दोन अन्य शेतकरी यांच्यासमोर उच्चारला. दर पाडला. पोत्यामागे किलोभर कडता चाले, त्या दिवशी पाच किलो कापला. तो माणूस भांडला नाही. “फुलं तर ताटाएवढी होती, अण्णा,” एवढेच म्हणाला, पैसे मोजून घेतले आणि गेला. पुन्हा तो गिरणीच्या दारात आला नाही. व्यापारात असे प्रसंग येतात आणि विसरले जातात. हा का विसरला गेला नाही, हे अण्णांनाही सांगता आले नसते. कदाचित तो भांडला असता तर विसरला गेला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मोटार निघाली. हातकणंगले मागे पडता पडता डावीकडे बाहुबलीचा डोंगर दिसला. अण्णांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. जयसिंगपूर ओलांडून शिरोळच्या बाजूला वळल्यावर दोन्हीकडे उसाच्या भिंती उभ्या राहिल्या. काही रानांत पांढरट मिठासारखा थर दिसत होता. वर्षानुवर्षे पाणी पाजून पाजून खारावलेली ती जमीन. 2019 आणि 2021 च्या महापुरात हा सगळा मुलूख पाण्याखाली होता, हे त्या वेळच्या शांत, कोरड्या सकाळी खरे वाटत नव्हते.

शेत रस्त्याच्या पूर्वेला होते. मोटार थांबली, नात घाईने उतरली आणि थबकली. सगळी फुले पाठ फिरवून उभी होती. हिरवी देठे आणि हिरव्या पाठी, कडेने पिवळ्या पाकळ्यांची नुसती झालर. जपानच्या चित्रातले काहीच नव्हते.

“ही फिरतील ना आता सूर्याबरोबर?” तिने विचारले.

“न्हाई फिरत,” बांधावरून पुढे आलेला चाळिशीचा शेतकरी म्हणाला. “कळी असते तवर फिरते. एकदा उमललं की तोंड उगवतीला. पलीकडच्या बांधाला चला.”

याचे कारण अलीकडे शास्त्रज्ञांनी शोधले आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पूर्वेकडे तोंड असलेले फूल सकाळी लवकर तापते, आणि त्या उबेला मधमाश्या अधिक येतात. शेतकऱ्याला हे कुणी सांगितलेले नव्हते, पण बांधाच्या पूर्व टोकाला त्याने मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या होत्या.

शेताला वळसा घालून मंडळी पलीकडे गेली, आणि मग ते दिसले. दोन एकर असेल. तेवीस हेक्टरांपुढे ते काहीच नव्हते. पण तिथे रस्सी नव्हती, तिकीट नव्हते, आणि फुले माणसाच्या खांद्याला लागत होती. सकाळचे ऊन समोरून त्यांच्यावर पडले होते. प्रत्येक फुलावर दोन-तीन माश्या होत्या, आणि एकत्रित गुणगुण इतकी दाट होती की ती शेतातून येते आहे की जमिनीतून, हे कळत नव्हते. अण्णा बांधावर काठी टेकून उभे राहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एका फुलाला किती बी?”

“हजार-दीड हजार. भरलं तर.”

‘भरलं तर’ या दोन शब्दांवर अण्णांनी मान वर केली.

शेतात शेतकऱ्याची बायको आणि दोन मजूर स्त्रिया ओळीओळीने चालत होत्या. प्रत्येकीच्या उजव्या तळहाताला तलम, मऊ कापड गुंडाळलेले होते, आणि प्रत्येक फुलाच्या तोंडावरून त्या हळूच हात फिरवीत पुढे जात होत्या, लहान मुलाचे तोंड पुसावे तसे. नातीने विचारले तेव्हा शेतकऱ्याने सांगितले की एका फुलाचा पराग दुसऱ्याला लागला तरच दाणा धरतो. ते काम माशीचे. माशी कमी पडली तर माणसाने करायचे, सकाळी सात ते अकराच्या दरम्यान, फुलोऱ्याच्या दिवसांत एक दिवसाआड. या काळात औषध फवारायचे नाही. नात लगेच कापड गुंडाळून ओळीत शिरली.

मग शेतकरी अण्णांना शेताच्या टोकाला घेऊन गेला. तिथे चार ओळी तीन आठवडे आधी पेरलेल्या होत्या, फुले माना टाकून वाळू लागली होती. पोपट हाकलायला एका बांबूवर तेलाचा रिकामा डबा उलटा टांगून त्याला दोरी बांधली होती. अण्णांनी वाकून डब्यावरचे पुसट नाव वाचण्याचा प्रयत्न केला, पण पत्रा गंजून गेला होता. शेतकऱ्याने एक तबकडी कापून त्यांच्या हातात दिली. कडेचे बी टपोरे, गच्च बसलेले होते. मधला वाटीएवढा भाग मात्र बोटाने दाबला की खाली जात होता.

“फूल कडंनं उमलत आत येतंय,” तो म्हणाला. “आठ-दहा दिस लागत्यात. कडेची उमलली तवा माशी होती. मधली उमलली तवा पेट्या अजून आल्या नव्हत्या. म्हणून आत पोचट. खरिपात तर लई होतं असं. फुलोऱ्यात पाऊस लागला की पराग धुऊन जातो, माशी बाहेर पडत न्हाई. फूल ताटाएवढं दिसतंय आणि आत निम्मं पोकळ.”

अण्णांनी एक बी काढून सवयीने दाताखाली धरले, आणि न चावताच परत तळहातावर घेतले. अण्णांनी जन्मात मध चाखला नव्हता. त्यांच्या घरात तो औषधालाही येत नसे. पण गिरणीतून गेलेल्या प्रत्येक डब्यात माशीचा वाटा होता, आणि ज्या वर्षी तो वाटा पडला नाही त्या वर्षीची तूट त्यांनी भलत्याच माणसाच्या नावे मांडली होती. रोजमेळातली चूक पुढच्या पानावर दुरुस्त करता येते. ही नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

“तुमचे वडील?” त्यांनी विचारले.

“वारून बारा वर्षं झाली. आई हाय. खोपीत बसलीया.”

खोपीच्या सावलीत एक ऐंशीच्या घरातील बाई सुपात काही निवडीत होत्या. दिवाणजींनी ओळख करून दिली, लक्ष्मीपुरीचे अण्णा, तेलवाले. बाईंनी पदर सावरला आणि नीट पाहिले.

“उद्यमनगरात गिरणी हुती ती तुमचीच न्हवं?”

“हो, वहिनी,” अण्णा म्हणाले. बसायला घोंगडे टाकले होते, पण ते उभेच राहिले. “तुमच्या घरचा माल एकदा आला होता माझ्याकडे. दिवाळीच्या आधी.”

“साठ पोती.”

“साठ,” अण्णा म्हणाले.

बाईंनी सूप खाली ठेवले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जुनी गोष्ट सांगावी तशा त्या सांगत होत्या. “घरच्या तेलाला म्हणून दोन पायली बी ठेवलं हुतं. त्या रातीला हे कंदील घेऊन बसले. एकेक बी नखानं फोडून बघत. पहाट झाली तरी उठंनात. म्हणलं, झोपा आता. तर म्हणले, मी काय मिसळलं न्हाई, तुला ठावं हाय, मला ठावं हाय. मग ही आतनं पोकळ झाली कशी?”

“मग कळले का त्यांना?”

“न्हाई. त्या सालापासनं फूल लावलंच न्हाई. ऊसच. हे माशीचं आत्ता पोराला कुणी कृषी खात्यातल्यानं सांगितलं.”

काही वेळ फक्त माश्यांचा आवाज येत राहिला. अण्णांनी काठी डाव्या हातात घेतली आणि दोन्ही हात जोडण्याचा प्रयत्न केला, तो काठीमुळे नीट जमला नाही.

“मी त्या दिवशी खोटे बोललो, वहिनी. चारचौघांत बोललो.”

“व्हय,” बाई म्हणाल्या.

याहून अधिक काही त्या म्हणाल्या नाहीत. ‘जाऊ द्या’ असेही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सुनेला हाक मारली आणि तांब्या आणायला सांगितला. “पाणी गाळून ठेवलंय. घ्या. ऊन चढलंय.” सूर्योदयाला दोन घटका केव्हाच होऊन गेल्या होत्या. अण्णांनी घोंगड्यावर बसून सगळा तांब्या संपवला.

निघताना शेतकऱ्याने नातीसाठी दोन मोठी फुले कापायला विळा काढला. छायाचित्रासाठी तिलाही ती हवीच होती. अण्णांनी त्याचा हात धरला. “राहू दे. अजून भरायची आहेत.” नातीच्या तळहातावरचे कापड पिवळेधमक झाले होते. ते तिने घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि तसेच ओसाकाला नेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, शेतकऱ्याचा दूरध्वनी पेढीवर आला. मळणी झाली होती, अठरा पोती निघाली होती, पण एवढा थोडा माल घ्यायला कुणी तयार नव्हते. अण्णांनी दोन दिवस चौकशी केली. हल्ली कोल्हापुरात लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. तसा एक घाणेवाला मिळाला. माल उतरवायच्या दिवशी अण्णा रिक्षा करून तिथे गेले. चिरंजीवांनी विचारले, तिथे तुमचे काय काम. अण्णा म्हणाले, काटा पाहतो.

घाणेवाला तरुण होता, व्यवहाराला चोख होता. त्याने पोत्यात हात घातला, ओंजळ भरून फुंकर मारली. थोडे उडाले, बरेच राहिले. दर मान्य झाला. मग तो सवयीने म्हणाला, “पोत्यामागं दोन किलो कडता.”

“कशाचा?” अण्णांनी विचारले.

“बारदानाचा. आणखी काय थोडं इकडं तिकडं.”

अण्णांनी एक पोते रिकामे करायला लावले, आणि ते रिकामे बारदान स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवले. सहाशे ग्रॅम भरले. अठरा पोत्यांना तेवढाच कडता लागला.